चोरीचा माल आणि घेणाऱ्याचे मन
(पिंपळे गुरव येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांनी आपली उभी वकिली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दालनात आणि त्यावरील अपिलांत घालवली. ज्या कामांना वर्तमानपत्रात ओळभरही जागा मिळत नाही आणि ज्यांचा निकाल लागला तरी तो पक्षकाराच्या घरापलीकडे कोणाला कळत नाही, अशी ती कामे. म्हणून विषय निवडताना मीही एखादा गाजलेला खटला शोधला नाही. भारतीय दंडसंहितेच्या ४११ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात, चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. हा गुन्हा शाबीत करायचा म्हणजे नेमके काय शाबीत करायचे, आणि खाली दोषी ठरलेला इसम वरच्या न्यायालयातून इतक्या वेळा निर्दोष का सुटतो, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

हे पिंपळे गुरव आज शहराच्या पोटात गडप झाले असले, तरी फार मागे न जाताही ते हवेली तालुक्यातले पवनाकाठचे एक खेडेच होते. पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या आरंभीही या मावळतीच्या मुलखात चोरी झाली म्हणजे शोध माणसाच्या मनाचा होत नसे, पावलांचा होत असे. रामोशी चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जाई, तो माग दुसऱ्या गावच्या हद्दीत उतरवून दिला की पहिले गाव मोकळे होई, आणि माग आपल्याच शिवेत हरवला तर भरपाईचा बोजा रामोश्यावर व गावावर पडे. या व्यवस्थेत एक प्रकारचा रोखठोक न्याय होता हे मान्य करावे लागेल, कारण ज्याची वस्तू गेली त्याच्या पदरात निदान काही तरी पडे. परंतु ती वस्तू ज्याच्या घरात सापडली त्याला ती चोरीची आहे हे ठाऊक होते की नव्हते, हा प्रश्न त्या व्यवस्थेला पडतच नसे. तो प्रश्न मेकॉलेच्या मसुद्यातून उतरलेल्या आणि १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आलेल्या दंडसंहितेने आपल्याकडे आणला; आणि एकदा तो आणल्यावर त्याचे उत्तर पुराव्याने देण्याचे ओझे तिने सरकारपक्षाच्या खांद्यावर ठेवले.

त्या ओझ्याचे तीन भाग पडतात. माल चोरीचा असला पाहिजे. तो आरोपीच्या ताब्यात असला पाहिजे. आणि तो घेताना अथवा ठेवून घेताना, हा चोरीचा आहे हे त्यास ठाऊक असले पाहिजे किंवा तसे मानण्यास त्यास पुरेसे कारण असले पाहिजे. पहिला भाग फिर्यादीच्या जबानीने आणि मुद्देमालाच्या ओळखीने बहुधा निभावतो, मात्र त्यातही सोनसाखळी आटवून तिची लगड झाली असली म्हणजे फिर्यादी बाईंनी ती कशावरून ओळखावी हा पेच उरतोच, कारण वजन जुळले एवढ्यावरून सोने जुळत नाही. दुसरा आणि तिसरा भाग मात्र वरवर पाहता एकच वाटतात, आणि माझ्या मते सगळा घोटाळा येथेच होतो: माल सापडला की ताबा सिद्ध झाला, आणि ताबा सिद्ध झाला की मनही सिद्ध झाले, अशी एक निसरडी पायवाट पंचनाम्यापासून थेट दोषसिद्धीपर्यंत पडली आहे.

या पायवाटेवर सर्वोच्च न्यायालयाने बांध कसा घातला हे पाहायचे तर मुंबई बंदराचे एक जुने प्रकरण जरा सावकाश पाहिले पाहिजे. १९७६ च्या अहवालांत छापलेला मोहम्मद इनायतुल्ला विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. मुंबईच्या हाजी बंदरावरून फॉस्फरस पेंटॉक्साइड या रसायनाचे तीन ड्रम नाहीसे झाले. पोलिसांच्या ताब्यात असताना आरोपीने निवेदन केले त्याचा आशय असा, की पहिल्या ऑगस्टला हाजी बंदरातून मी काढून नेलेले तीन ड्रम कोठे ठेवले आहेत ते मी दाखवितो. आणि त्याप्रमाणे क्रॉफर्ड मार्केटाजवळच्या मुसाफिरखान्याच्या आवारात ते ड्रम खरोखरच मिळाले. खालच्या न्यायालयांना हे पुरेसे वाटले, आणि सामान्य माणसालाही पुरेसेच वाटेल. ज्याने जागा दाखवली त्याचाच हात त्यात नसेल तर कोणाचा, असे आपण चहाच्या टपरीवर बसून सहज म्हणून जाऊ.

सर्वोच्च न्यायालयाने काय केले ते पाहा. तेव्हाच्या पुरावा कायद्याचे २७ वे कलम पोलिसांपुढच्या निवेदनाचा फक्त तेवढाच भाग आत घेई, जेवढ्याने एखादी वस्तुस्थिती प्रत्यक्ष उजेडात आली. १९४७ च्या अहवालांत आलेल्या पुलुकुरी कोटय्या या मद्रास इलाख्यातील प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने घालून दिलेली ही मर्यादा आजही कायम आहे. ती लावून न्यायालयाने ते एकच वाक्य कात्रीने कापावे तसे कापले. तीन ड्रमांचा ठिकाणा सांगतो, एवढे राहू दिले. ते मी हाजी बंदरातून अमुक तारखेला काढून नेले, हे बाहेर काढले. मग उरले काय? इतकेच की ड्रम त्या आवारात आहेत हे या माणसास ठाऊक होते. ते आवार येण्याजाण्यास मोकळे होते. तेव्हा या ज्ञानाचे दोन अर्थ संभवतात, एक असा की ड्रम त्यानेच तेथे ठेवले, आणि दुसरा असा की ते तेथे पडले आहेत एवढेच त्याला कळले होते. आणि हा दुसरा अर्थ निर्दोषत्वाशी पूर्णपणे सुसंगत आहे. ताबाच निश्चित होत नाही, तेथे चोरीनंतर लवकरच चोरीचा माल बाळगणाऱ्याविरुद्ध कायदा जे अनुमान काढू देतो, त्याला उभे राहायला जमीनच नाही. आरोपी सुटला.

त्याआधी १९५४ मध्ये अहवालात आलेल्या त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणातही, दागिने ज्या शेतातून निघाले ते उघडे आणि कोणासही जाता येण्यासारखे होते, एवढ्यावरून ४११ खालची शिक्षा रद्द झाली होती. ज्याला जागा माहीत आहे त्याच्याकडे ताबा असेलच असे नाही, आणि ताबा असला तरी तो जाणता असेलच असे नाही. या दोन पायऱ्या न्यायालयाने तेव्हापासूनच वेगळ्या ठेवल्या आहेत.

परंतु मालाचा ताबा निर्विवाद असला तर? माल शेतात नाही, आवारात नाही, थेट आरोपीच्या दुकानात, त्याच्या काट्यावर सापडला तर? आता आपण या औद्योगिक पट्ट्याच्या खऱ्या प्रश्नाकडे आलो.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, पुढे औद्योगिक विकास महामंडळ आले, आकुर्डी, भोसरी, चिंचवड आणि मग चाकण असा तो पट्टा उत्तरेकडे सरकत गेला, आणि प्रत्येक कारखान्याच्या मागच्या फाटकातून एक समांतर व्यापार जन्मास आला. त्याला आपण भंगार म्हणतो. चिखली-कुदळवाडीच्या गोदामांत हा व्यापार कित्येक वर्षे पसरला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली, पण व्यापार काही पडला नाही, कारण टर्निंग, बर, तांब्याची वायंडिंग, पितळेचे तुकडे, झिजलेल्या कार्बाइडच्या टिपा हे सगळे कोठे तरी जाणारच. यातला बहुतेक माल सचोटीचा असतो. परंतु त्याच टेम्पोत, त्याच पोत्यात, न झिजलेल्या टिपांचा एखादा डबा येतो, किंवा तोटी अजून न चढवलेली तयार पितळी जुळणी येते, आणि दुकानदार तीही भंगाराच्याच भावाने काट्यावर घालतो. त्या घटकेला त्याच्या मनात काय होते?

हा प्रश्न आपल्या कायद्याच्या शिल्पकारांना अपरिचित नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ११४ व्या कलमाखाली, चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो आणि जो त्याचा खुलासा देऊ शकत नाही, तो एक तर चोर असावा किंवा जाणूनबुजून माल घेणारा असावा, असे अनुमान न्यायालयास काढता येईल, हे उदाहरण दिले. पण ते देऊन ते थांबले नाहीत. त्याच कलमात त्यांनी या अनुमानाविरुद्ध जाणारी वस्तुस्थितीही नोंदवून ठेवली. एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यात चोरीला गेलेला, खुणेचा रुपया चोरीनंतर थोड्याच वेळात सापडतो. तो नेमका कोणाकडून आला हे दुकानदारास सांगता येत नाही. पण त्याच्या धंद्यात रुपये सतत येत-जात असतात. हेही न्यायालयाने ध्यानात घ्यावे, असे कायदा सांगतो. पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ११९ व्या कलमात हा रुपया आजही खणखणत आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर पोती येतात ती त्या रुपयांसारखीच येतात. परंतु रुपयावर मालकाचे नाव नसते आणि कंपनीच्या सुट्या भागावर पार्ट नंबर असतो, हा फरक विसरून मात्र चालणार नाही.

येथे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे एक जुने वचन उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात रंगो तिमाजी याच्या प्रकरणात न्यायमूर्ती मेल्विल यांनी ‘मानण्यास कारण’ या शब्दांचा अर्थ लावताना असे सांगितले, की मानणे हे संशय घेण्याहून फार बळकट आहे. परिस्थिती अशी असली पाहिजे की समंजस माणसाच्या मनाची, हा माल चोरीचाच आहे, अशी खात्री पटावी. आरोपी निष्काळजी होता, त्याला संशय यायला जागा होती, माल सचोटीने आला आहे की नाही याची त्याने पुरेशी चौकशी केली नाही, हे सारे दाखवूनही काम भागत नाही. हा निवाडा छापला गेला त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी या कलमावर ज्याला युक्तिवाद करायचा आहे त्याला अजूनही त्याच्या दारावरून जावेच लागते.

काहींना हे अतिरेकी वाटते. कारखान्यात चोरी झाली की व्यवस्थापक मला विचारतात, वकीलसाहेब, एवढे न्याय्य संशय येत असताना ज्याने डोळे मिटून घेतले त्याला कायदा का सोडतो? त्यांचा राग मी समजू शकतो, तथापि माझे मत मी त्यांना असेच सांगतो, की संशयालाच गुन्हा ठरवले तर पहिला बळी पडेल तो गाडा ढकलीत रद्दी-पत्रा गोळा करणारा, ज्याच्याकडे पावती नाही, नोंदवही नाही, आणि आलेल्या प्रत्येक पोत्यावर संशय घेण्याइतकी त्याच्या धंद्याची ऐपतही नाही. मोठा खरेदीदार कागद दाखवून सुटेल, आणि कागद बनवता येतात हे या पट्ट्यात कोणाला शिकवण्याची गरज नाही. संशय आणि खात्री यांमधली ही भिंत मी पाडू देणार नाही. माझा वाद आहे तो भिंतीच्या अलीकडच्या आळसाशी.

कारण मन दिसत नसले तरी त्याच्या खुणा राहतात, आणि या गुन्ह्यात तर त्या वजनाने मोजता येतात. रात्री कारखान्याच्या पाळीची सुट्टी झाल्यावर माल आला की दिवसाढवळ्या? वजनकाट्याची पावती फाडली की तोंडी हिशेब झाला? न वापरलेला, कोऱ्या डब्यातला सुटा भाग भंगाराच्या किलोभावाने घेतला, तर त्या दिवशी त्या मालाचा बाजारभाव काय होता आणि भंगाराचा भाव काय होता? पार्ट नंबर घासून काढला का, आणि घासला तो दुकानात की आधी? चालू नोंदवहीत इतर सगळ्या खरेदीची नोंद असून याच पोत्याची का नाही? विचारपूस झाली तेव्हा दुकानदाराने पहिल्याप्रथम काय सांगितले, आणि ते खोटे निघाले का? यांपैकी प्रत्येक गोष्ट साक्षीदार उभा करून सिद्ध करता येते, आणि यांपैकी तीनचार गोष्टी एकत्र जुळून आल्या की मेल्विल यांनी सांगितलेली खात्री समंजस माणसाच्या मनात आपोआप उतरते.

प्रत्यक्षात दोषारोपपत्राबरोबर काय येते? जप्तीचा पंचनामा येतो, त्यात मालाचे वर्णन येते, आणि शेवटी ‘अंदाजे किंमत रुपये अमुक’ असे लिहिलेले असते. हा अंदाज कोणाचा, हे कोणी सांगत नाही. त्या मालाचा व्यापार करणारा एकही इसम भाव सांगण्यासाठी तपासला जात नाही. पंच बहुधा पोलीस ठाण्याच्या आसपासचेच, आणि सरतपासात ते फितूर होतात हे आता इतके नित्याचे झाले आहे की सरकारी वकिलाच्या चेहऱ्यावर त्याची रेषाही उमटत नाही. मोरवाडीच्या जुन्या न्यायालयात असले काम चालत असताना मी कित्येकदा पाहिले आहे, की जप्त मालाचे पोते टेबलावर ठेवले जाते, त्यातला एक नग फिर्यादीला दाखवला जातो, तो ओळखतो, आणि मालाविषयीचा पुरावा संपतो. तो घेणाऱ्याच्या मनाविषयी एकाही साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला जात नाही.

सर्वांत मोठा भरवसा ठेवला जातो तो चोराच्या निवेदनावर. पकडलेला चोर सांगतो, माल अमुक शेटला अमुक भावाने विकला, तो मी दाखवतो. त्याप्रमाणे शेटच्या दुकानातून माल निघतो. आणि शेट आरोपी क्रमांक दोन होतो. जुन्या २७ व्या कलमातल्या, आजही कायम असलेल्या नियमाच्या बळावर आत येते ते इतकेच, की माल त्या दुकानात आहे हे चोराला ठाऊक होते. शेटला सर्व माहीत होते, तो आमचाच माणूस आहे, हे सगळे पोलिसांपुढचे बोलणे म्हणून बाहेर राहते. सहआरोपीच्या कबुलीजबाबाचे मूल्य किती, हे १९५२ मध्ये कश्मीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लिहिलेला तो निवाडा सांगतो, की आधी तो कबुलीजबाब बाजूला ठेवून उरलेला पुरावा पाहावा, आणि तो स्वतःच्या बळावर दोषसिद्धी पेलू शकत असेल तरच कबुलीजबाबाने त्याला टेकू द्यावा. बोस हे नागपूरचे. तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणूनही ते बसले होते, आणि त्यांच्या निवाड्यांतली इंग्रजी इतकी सुबोध की ती वाचताना माणसाला आपणच विचार करतो आहोत असे वाटू लागते. असो.

हाच मुद्दा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात पुन्हा आला. एका ट्रकमधून लुटलेला माल एका दुकानदाराकडे मिळाला, खालच्या न्यायालयांनी ४११ खाली शिक्षा दिली, आणि मालाची किंमत कमी असल्यामुळे त्याला ठाऊक असलेच पाहिजे, असा तर्क त्यामागे होता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. माल चोरीचा आहे हे आरोपीस माहीत होते, हे सरकारपक्षाने पुराव्यानिशी दाखवले पाहिजे, आणि केवळ माल मिळणे व तो स्वस्त असल्याचे म्हणणे एवढ्याने ते दाखवले गेले असे होत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. त्रिंबकाच्या खटल्यापासून सुमारे सात दशके गेली, आणि न्यायालयाला तोच धडा तसाच्या तसा पुन्हा द्यावा लागला, याचा अर्थ धडा कठीण आहे असा नव्हे. तो तपासाच्या टप्प्यावर कोणी वाचतच नाही.

आता अपिलाच्या वेगळेपणाविषयी. दंडाधिकाऱ्याने साक्षीदार पाहिलेला असतो. उत्तर देताना तो अडखळला, खाली पाहू लागला, हे त्याच्या डोळ्यांपुढे घडलेले असते. सत्र न्यायाधीशापुढे अपिलात येतो तो केवळ कागद. म्हणूनच १९३४ च्या शिव स्वरूप प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने अपील न्यायालयास पुरावा नव्याने तोलण्याचा पूर्ण अधिकार आहे असे म्हटले, आणि त्याच वेळी साक्षीदाराच्या विश्वासार्हतेविषयी खालच्या न्यायाधीशाचे मत व निर्दोषतेचे गृहीतक यांना योग्य वजन द्यावे, अशी तंबीही दिली. पण चोरीच्या मालाच्या कामात एक विलक्षण गोष्ट घडते: मन सिद्ध करणारा साक्षीदार मुळात उभाच केलेला नसल्यामुळे, दंडाधिकाऱ्याने जे डोळ्यांनी पाहिले त्यात मनाविषयी काहीच नसते. त्याने मनाविषयी काढलेले अनुमान अपील न्यायाधीशही तितक्याच सहजपणे काढू अथवा मोडू शकतो, कारण दोघांपुढेही तोच कागद आहे. खालच्या न्यायालयाचा वरचढपणा येथे संपतो, आणि दोषसिद्धी टिकणे न टिकणे कागदात काय लिहिले आहे एवढ्यावरच येऊन ठेपते.

खालच्या न्यायनिर्णयांत एक वाक्य वारंवार भेटते: आरोपीने आपल्या ताब्याचा समाधानकारक खुलासा दिलेला नाही. अपिलात त्या वाक्यावर मी दोन प्रश्न विचारतो. पहिला असा, की खुलासा कितपत समाधानकारक हवा? इंग्लंडात १९१४ मध्ये शामा व अब्रामोविच यांच्या अपिलात मुख्य न्यायाधीश लॉर्ड रीडिंग यांनी ठरवून दिले, की खुलासा खरा असू शकेल असे वाटले, तर तो खरा आहे अशी पक्की खात्री पटली नाही तरीही आरोपी सुटण्यास पात्र आहे, कारण शाबितीचा बोजा सरकारपक्षावरून कधीच ढळत नाही. दुसरा प्रश्न याहून साधा: खुलासा विचारला होता का? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१३ व्या कलमाखाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५१ व्या कलमाखाली, आरोपीविरुद्धची प्रत्येक परिस्थिती त्याच्यापुढे ठेवून त्याचे म्हणणे घ्यावे लागते. पुण्यातल्या एका तरुणीच्या मृत्यूवरून चाललेल्या शरद सारडा खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुण्याच्या सत्र न्यायालयाने दिलेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी रद्द करताना, जी परिस्थिती आरोपीला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. फाशीच्या खटल्यात जो नियम, तोच तीन वर्षांच्या कैदेच्या खटल्यात. कमी किंमत, रात्रीची वेळ, नोंदवहीतली गाळलेली खरेदी, यांपैकी एकही गोष्ट ३१३ च्या प्रश्नावलीत नसेल, तर निकालात ती कितीही रंगवून लिहिली असली तरी अपिलात ती गळून पडते.

याचा अर्थ कायदा घेणाऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे असा कोणी काढू नये. चोरीनंतर किती काळ लोटला म्हणजे ताबा ‘ताजा’ राहत नाही याला ठरावीक मोजमाप नाही. एरभद्रप्पा प्रकरणात १९८३ मध्ये सुमारे वर्षभरानंतर मिळालेल्या दागदागिन्यांवर आणि साड्यांवरही न्यायालयाने अनुमान काढले, कारण असल्या वस्तू हातोहात फिरत नाहीत. शिवाय जुन्या पुरावा कायद्याच्या १४ व्या कलमाचे पहिलेच उदाहरण असे आहे, की ज्याच्याकडे चोरीचा एक नग सापडला त्याच्याकडे त्याच वेळी चोरीचे आणखी पुष्कळ नग सापडले, तर ही गोष्ट त्याला प्रत्येक नगाची जाण होती हे दाखवण्यास ग्राह्य आहे. एका गोदामात चार निरनिराळ्या कंपन्यांचे कोरे सुटे भाग निघाले, तर तपासी अंमलदाराने चार गुन्ह्यांची चार दोषारोपपत्रे एकमेकांपासून तोडून न पाठवता, प्रत्येक कामात बाकीचे तीन साठे पुराव्यात आणले पाहिजेत; आणि असा धंदाच कोणी करीत असेल तर सवयीने चोरीचा माल घेण्याबद्दल वेगळी तरतूद आहे, जिच्याखाली दहा वर्षांपर्यंत किंवा आजन्म कैदही होऊ शकते. या तरतुदीखाली दोषारोप ठेवलेला मी फार क्वचित पाहिला. ती पुस्तकातच धूळ खाते.

नवीन संहितेने व्याख्या थोडी ताणली आहे. पूर्वी चोरी, खंडणी, लूट, अपहार आणि विश्वासघात यांतून आलेला माल चोरीचा ठरे, आता फसवणुकीने आलेलाही त्यात आला आहे. खोटे चलन दाखवून कारखान्याकडून उचललेला माल यापुढे घेणाऱ्याच्या हातातही ‘चोरीचा’ ठरेल, आणि घेणाऱ्याच्या ज्ञानाचे प्रश्न त्या मानाने अधिक नाजूक होतील, कारण फसवणुकीच्या मालाबरोबर बहुधा अगदी खरे दिसणारे कागद येतात. ३१७ व्या कलमाखालची अपिले येत्या काही वर्षांत याच मुद्द्यावर लढवली जातील असा माझा तर्क आहे.

एक शेवटची गोष्ट सांगून आपली रजा घेतो. अपिलात शिक्षा रद्द झाली म्हणून माल आरोपीकडे परत जातो असा समज आहे, तो बरोबर नाही. मुद्देमाल कोणास द्यायचा हा वेगळा प्रश्न आहे, आणि माल फिर्यादीचाच हे सिद्ध झाले असेल तर तो फिर्यादीकडेच जातो. निर्दोष सुटलेल्या खरेदीदाराचे पैसे मात्र बुडतात. या बुडालेल्या पैशांसाठीही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४५३ वे कलम होते, आणि ते आता नागरिक सुरक्षा संहितेत ४९९ वे होऊन तसेच पुढे चालू आहे: चोर किंवा घेणारा दोषी ठरला, त्याच्याकडून तिसऱ्या कोणी तो माल काही कल्पना नसताना विकत घेतला, आणि अटकेच्या वेळी दोषी माणसाच्या अंगावर रोकड सापडली, तर माल मूळ मालकाकडे परत गेल्यावर त्या निर्दोष खरेदीदाराला त्याने दिलेल्या किमतीच्या मर्यादेत त्या रोकडीतून पैसे देण्याचा हुकूम न्यायालय त्याच्या अर्जावरून करू शकते. अर्ज करावा लागतो, हे येथे जमलेल्या तरुण वकिलांनी लक्षात ठेवावे. न्यायालय आपण होऊन तो हुकूम करीत नाही, आणि खरेदीदार बहुधा पुन्हा पोलीस ठाण्याचे तोंड पाहायला नको म्हणून अर्ज करीत नाही.